आडवा स्लो ज्यूसर निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

हौसेने आणलेला स्लो ज्यूसर, म्हणजे जिन्नस सावकाश दाबून रस काढणारे यंत्र, काही महिन्यांतच माळ्यावर जातो, तेव्हा दोष यंत्राला दिला जातो; पण बहुतेक वेळा यंत्र आपले काम नीट करत असते आणि चूक निवडीची असते. रोज मोसंबी किंवा कलिंगडाचा रस काढणाऱ्या घराने पालेभाज्यांसाठी बनवलेले यंत्र घेतलेले असते. म्हणून किंमत, वॅट आणि फेरे यांची तुलना करण्याआधी आपल्या घरात आठवडाभर कशाचा रस निघणार आहे, हे कागदावर लिहून काढावे. दुकानदार हा प्रश्न सहसा विचारत नाही.

आडव्या ज्यूसरमध्ये एक जाड मळसूत्री दांडा, ज्याला सगळे ऑगर म्हणतात, नळकांड्यात आडवा बसवलेला असतो. वरच्या तोंडातून टाकलेला जिन्नस त्याच्या आट्यांमध्ये चिरडला जातो आणि पुढे ढकलला जातो. शेवटच्या टप्प्यात तो चाळणीवर दाबला गेला की रस खालच्या भांड्यात पडतो आणि चोथा समोरच्या तोटीतून बाहेर येतो. म्हणजे येथे सारे काम ऑगरच्या ढकलण्यावर चालते. पालक, पुदिना, कोथिंबिरीचे देठ, गव्हांकुर, गाजर, बीट, आले, ओली हळद, आवळा अशा तंतुमय किंवा कडक वस्तूंना ऑगरची पकड मिळते आणि त्या व्यवस्थित पुढे सरकतात. पिकलेले टोमॅटो, कलिंगड, द्राक्षे किंवा संत्री यांचा मात्र आतच लगदा होतो, ऑगर त्या लगद्यातच फिरत राहतो आणि कधीकधी रस वरच्या तोंडातूनच उलटा येतो. उभ्या ज्यूसरमध्ये जिन्नस वरून खाली सरकत असल्यामुळे मऊ फळांना गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते. त्या प्रकारात लांब तंतूंच्या पाल्याने अडकण्याच्या तक्रारी अधिक असतात. यादीत फळे जास्त असतील तर उभा घ्यावा, पाला आणि कंद जास्त असतील तर आडवा. यादीत फक्त लिंबूवर्गीय फळे असतील तर दोन्ही न घेता साधा लिंबूवर्गीय प्रेस घ्यावा. तो स्वस्त असतो आणि अर्ध्या मिनिटात धुऊन होतो.

केळी, चिकू आणि पिकलेली पपई ही फळे कोणत्याही ज्यूसरमध्ये टाकू नयेत. त्यांच्यातून दाबून निघेल असा मोकळा रस नसतो, गर असतो, आणि त्यासाठी घरातला मिक्सर पुरेसा आहे. ऊस तर घरगुती ऑगरमध्ये कधीच घालू नये. रसवंतीतले लोखंडी रूळ आणि प्लास्टिकचा ऑगर यांची बरोबरी होत नाही; उसाच्या तंतूंमुळे ऑगर तडकू शकतो.

कोकण आणि गोव्यातील घरांनी आडव्या यंत्राचा एक उपयोग जरूर लक्षात घ्यावा, तो म्हणजे नारळाचे दूध. ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे किंवा कीस थोड्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू घातल्यास चांगले दाट दूध मिळते, आणि तोच चोथा पुन्हा कोमट पाण्यासह फिरवल्यास दुसरे, पातळ दूध निघते. सोलकढीसाठी पंचातून पिळण्याचा त्रास वाचतो. सुके खोबरे मात्र घालू नये.

आकड्यांना भुलणे

जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले दोन आकडे म्हणजे वॅट आणि मिनिटाला होणारे फेरे. साध्या सेंट्रिफ्यूगल ज्यूसरचे पाते मिनिटाला हजारो फेरे फिरते, तर घरगुती स्लो ज्यूसरचा ऑगर साधारण ४० ते ११० फेऱ्यांच्या पट्ट्यात चालतो. या पट्ट्याच्या आत ४५ फेऱ्यांचे यंत्र ८० फेऱ्यांच्या यंत्रापेक्षा दुप्पट चांगले, असा हिशेब मांडणे चुकीचे आहे. ऑगरच्या आट्या, चाळणीची छिद्रे आणि समोरच्या तोटीचा दाब या तीन गोष्टींचा फरक रसात अधिक जाणवतो. आडवे म्हणजे आपोआप स्लो, हाही गैरसमज आहे. अमेरिकेत १९५५ पासून विकला जाणारा चॅम्पियन ज्यूसर आडवाच आहे, पण त्याची मोटर मिनिटाला सुमारे १,७०० फेरे घेते.

वॅटचेही तसेच आहे. मिक्सरला ५०० किंवा ७५० वॅट लागतात म्हणून स्लो ज्यूसर १५० ते २५० वॅटचा असल्यास तो दुबळा आहे, असे समजू नये. गिअरमुळे वेग उतरतो आणि पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. कमी वेगाने जोर लावण्यासाठी एवढी शक्ती पुरते, आणि ओट्यावरचा साधा ६ अँपिअरचा सॉकेटही पुरतो.

याच आकड्यांच्या आधारे ‘सर्व एन्झाइम्स आणि जीवनसत्त्वे शाबूत’ असा दावा केला जातो. एन्झाइम्स ही प्रथिने आहेत आणि इतर प्रथिनांप्रमाणे त्यांचेही पोटात विघटन होते, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात मला काही अर्थ दिसत नाही. स्लो ज्यूसरचे खरे फायदे साधे आहेत: पाल्यातून रस अधिक निघतो, हवा कमी मिसळल्यामुळे फेस कमी येतो, रसातले पाणी आणि गर काही काळ वेगळे होत नाहीत आणि सकाळी सहा वाजता यंत्र लावले तरी घर जागे होत नाही.

दुकानात किंवा ऑनलाइन घेताना हुकणाऱ्या गोष्टी

आडव्या यंत्राला उंची कमी लागते पण लांबी जास्त लागते, आणि समोर चोथ्याचे भांडेही ठेवावे लागते. ओट्याची खोली साधारण दोन फूट असते. मागे मसाल्याचे डबे असतील तर यंत्र कडेला समांतर ठेवावे लागेल. टेप घेऊन मोजूनच ठरवावे, कारण रोज कपाटातून काढावे लागणारे यंत्र रोज वापरले जात नाही.

जिन्नस टाकण्याच्या तोंडाची रुंदी हा दुसरा मुद्दा. अनेक आडव्या यंत्रांत ती जेमतेम दीड इंच असते, त्यामुळे गाजरे उभी चिरावी लागतात आणि सफरचंदाच्या सहा-आठ फोडी कराव्या लागतात. रुंद तोंडाची यंत्रे वेळ वाचवतात, परंतु रुंद तोंड मिळाले म्हणून अख्खे बीट आत ढकलणे हे अडकण्याचे पहिले कारण ठरते.

मोटरची हमी अनेकदा दहा वर्षे लिहिलेली असते. ऑगर, चाळणी आणि रबरी सील यांची हमी किती, हे बारीक अक्षरांत शोधावे. झिजतात आणि तुटतात ते हेच भाग. चाळणी सुटी मिळते का, किती रुपयांना मिळते आणि आपल्या शहरात सेवा केंद्र आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. सुटे भाग न मिळणारे स्वस्त यंत्र एका चाळणीपायी निकामी होते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तेथील यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेले असते, आपल्याकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. थेट जोडल्यास मोटर जळेल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. इंडक्शन मोटर (जिचा वेग हर्ट्झवर ठरतो) असल्यास ती सुमारे सहावा हिस्सा हळू फिरते आणि अधिक तापते. शिवाय हमी बहुधा येथे लागू होत नाही.

चोथा पाहून दोष ओळखा

वापर सुरू झाल्यावर बहुतेक तक्रारींचे उत्तर चोथ्यात असते, म्हणून तो लगेच टाकून देऊ नये. मुठीत घेऊन दाबून पाहावा. दाबल्यावर बोटांमधून थेंब गळत असतील तर रस वाया जात आहे. त्याची कारणे ठरलेली असतात: जिन्नस घाईने टाकला जातो, समोरच्या तोटीवरची दाबाची टोपी फार सैल आहे, चाळणीची छिद्रे आधीच्या वापराने बुजली आहेत, किंवा नुसते मऊ फळ टाकले आहे. वेग कमी करावा, टोपी एकेक खूण आवळावी आणि मऊ फळांच्या मध्ये गाजराचा किंवा सफरचंदाचा तुकडा द्यावा; कडक तुकडा आतला लगदा पुढे रेटतो.

चोथा अगदी कोरडा, भुशासारखा येत असेल आणि मोटरचा आवाज जड झाला असेल तर टोपी गरजेपेक्षा जास्त आवळलेली आहे. सुरुवात नेहमी सैल टोपीने करावी आणि चोथा यायला लागल्यावर दाब वाढवावा. गाजर आणि आवळ्याला कमी दाब पुरतो, पाल्याला जास्त लागतो. टोपी सैल-घट्ट करताच येत नाही अशा यंत्रांत हा उपाय उपलब्ध नसतो, आणि म्हणूनच बदलता दाब असलेले यंत्र घेणे मी शहाणपणाचे मानतो.

रसातच चोथा जास्त उतरत असेल तर सहसा चाळणी नीट बसलेली नसते किंवा लांब तंतू ऑगरभोवती गुंडाळलेले असतात. सेलरी, पातीचा कांदा, गवती चहा, आले आणि मेथीचे देठ एक-दोन सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नयेत. पाल्याची सैल मूठ टाकण्याऐवजी पाने गुंडाळून सुरळी करून टाकावी आणि त्यामागून काकडीचा तुकडा द्यावा. आवळ्याची बी काढून टाकावी. जांभूळ, बोर, आलुबुखार यांच्या बियाही आधीच काढाव्यात. ‘एवढीशी बी’ चाळणीला चीर पाडू शकते.

यंत्र अडकले, थांबले किंवा गळू लागले तर

ऑगर थांबला की वरून दट्ट्याने आणखी जोर लावणे ही स्वाभाविक, पण नेमकी चुकीची प्रतिक्रिया आहे. बटण बंद करावे, ऑगर पूर्ण थांबू द्यावा, मग उलटे फिरवण्याचे बटण दोन-तीन सेकंद दाबावे, पुन्हा थांबावे आणि सरळ फिरवावे. दोन-तीनदा करूनही सुटत नसेल तर प्लग काढून नळकांडे उघडावे. चमचा, सुरी किंवा लाटणे तोंडात घालू नये.

यंत्र मध्येच बंद पडले आणि अजिबात सुरू होत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. अनेक यंत्रांत मोटर तापल्यास वीज तोडणारी सोय असते. प्लग काढून अर्धा तास थांबावे. माहितीपत्रकात सलग चालवण्याची मर्यादा दिलेली असते. पाहुणे आले म्हणून तासभर सलग चालवलेली मोटर याच कारणाने थांबते. नव्या यंत्राने पहिल्याच दिवशी सुरू होण्यास नकार दिला तर नळकांडे शेवटच्या खुणेपर्यंत फिरवले आहे का, हे आधी पाहावे.

कोरडे यंत्र रिकामे फिरवल्यास ऑगर चाळणीवर घासून कर्कश आवाज येतो. रस सुरू झाल्यावर थोडीशी चरचर राहिली तर ती नेहमीची आहे. खटखट असा ठोक्याचा आवाज आला तर मात्र लगेच थांबावे.

नळकांड्याच्या मागच्या बाजूने, मोटरच्या दिशेने रस झिरपत असेल तर ऑगरमागचा सील उलटा बसलेला, दुमडलेला किंवा झिजलेला असतो. ही गळती पुसून वापर चालू ठेवू नये, कारण रस गिअरमध्ये शिरला की एका सीलचा खर्च वाचवण्याच्या नादात मोटरच बदलावी लागते.

धुण्याचा आळस

रस काढून झाल्यावर यंत्र चालू असतानाच एक ग्लास पाणी ओतावे; निम्मा चोथा त्यानेच निघून जातो. उरलेले भाग लगेच वाहत्या पाण्याखाली धरावेत आणि चाळणी सोबत मिळालेल्या ब्रशने प्रकाशाकडे धरून घासावी. तासभर वाळलेला गाजराचा तंतू छिद्रातून काढायला दहापट वेळ लागतो. तारेची घासणी प्लास्टिकवर वापरू नये. तिच्या ओरखड्यांत डाग आणि वास घर करतात. चाळणीवर जमलेला पांढरट थर लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्यास सुटतो. ओल्या हळदीचा पिवळा रंग बहुधा पूर्ण जात नाही, तो दोष समजू नये.

रसाबाबत तीन खबरदाऱ्या

दुधीचा रस काढणाऱ्यांनी आधी कच्च्या दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा. कडवटपणा कुकुरबिटॅसिन या विषारी द्रव्यांमुळे असतो आणि आले-लिंबू घालून तो लपवणे धोक्याचे ठरू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस न पिण्याचा इशारा दिलेला आहे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी रोज पालक-बीटचा रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण दोन्हींत ऑक्झलेट, म्हणजे मूतखडे बनण्यास हातभार लावणारे द्रव्य, भरपूर असते. फळांच्या रसातील साखरेला जागतिक आरोग्य संघटना मुक्त साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटात, मोजते, त्यामुळे मधुमेह्याच्या घरात ज्यूसर आला म्हणजे फळांचे ग्लास वाढवायचे, असे होऊ नये.

यंत्र परत करण्याची मुदत काही दिवसांचीच असते, तेव्हा ते घरी आल्या आल्या दोन चाचण्या घ्याव्यात. अर्धा किलो गाजरे आणि पालकाची एक जुडी, दोन्ही वजन करून वेगवेगळी काढावीत. गाजरांतून पाव लिटरच्या आसपास रस मिळायला हवा, आणि पालकाचा चोथा दाबल्यावर हात जेमतेम ओला व्हावा. त्यानंतर यंत्र पूर्ण उघडून धुवावे आणि पुन्हा जोडावे. जोडताना कोणताही भाग बळाने बसवावा लागत असेल, तर खोका अजून फाडलेला नाही तोवरच ते परत पाठवावे.