बफर झोनचा करार कसा वाचावा

दोन देशांच्या सीमेवर शस्त्रसंधी झाली आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे बफर झोनमध्ये, शांतिसेना जाणार अशी बातमी आली, की बहुतेकांचे लक्ष किती सैनिक जाणार या आकड्याकडे जाते. तो पट्टा टिकेल का, याचा अंदाज मात्र त्या आकड्यावरून बांधता येत नाही. त्यासाठी कराराचा मसुदा आणि त्या भागाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून बसावे.

आधी पट्ट्याची रुंदी पाहावी आणि ती तेवढीच का ठरली, याचा शोध घ्यावा. मे १९९८ मध्ये बादमे या गावावरून इथिओपिया आणि इरिट्रिया यांच्यात युद्ध पेटले. ते थांबवण्यासाठी १८ जून २००० रोजी अल्जियर्समध्ये जो करार झाला, त्यात इरिट्रियाच्या फौजांनी समोरच्या फौजांपासून २५ किलोमीटर दूर राहावे असे ठरले, आणि या अंतराचे कारण करारातच कंसात नोंदवलेले होते : तोफांचा पल्ला. रुंदीमागे असे कारण सापडले, तर मसुदा करणाऱ्यांना लढाईची जाण होती असे समजावे.

त्यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : हा पट्टा कोणाच्या जमिनीवर आहे? इथिओपिया-इरिट्रियाच्या बाबतीत तो संपूर्णपणे इरिट्रियाच्या हद्दीत होता. विस्थापित गावकऱ्यांना घरी परतता यावे म्हणून इरिट्रियाचे मुलकी प्रशासन, पोलीस आणि स्थानिक मिलिशिया यांना तिथे येण्याची मुभा होती, आणि ती योग्यच होती. पण ज्याची जमीन, त्याच्या हाती शांतिसेनेची नाडीही जाते. सुएझ संघर्षानंतर १९५६ मध्ये आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दलाला इस्रायलने आपल्या बाजूला जागा दिली नाही, म्हणून ते केवळ इजिप्तच्या बाजूला राहिले. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ते परत नेण्यास सांगितले, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मान्य केले आणि ५ जूनला इस्रायल-अरब युद्ध सुरू झाले. या दलातील, गाझातून अजून बाहेर न पडलेल्या भारतीय तुकडीतील जवान त्यात मारले गेले.

पट्ट्याच्या दोन्ही अंगांना काय ठेवता येईल, तेही वाचावे. गोलान टेकड्यांवर १९७४ च्या करारानुसार विलगीकरण क्षेत्राला (दोन्ही फौजांमधल्या पट्ट्याला) लागून असलेल्या पहिल्या १० किलोमीटरमध्ये इस्रायल आणि सीरिया यांना प्रत्येकी ६,००० सैनिक, ७५ रणगाडे आणि ३६ तोफा एवढीच मर्यादा होती. निरीक्षक ठरावीक काळाने तिथे जाऊन हे मोजत असत. मोजता येईल अशा कलमाचा भंग लपवणे अवघड असते. ‘संयम पाळावा’ अशा कलमाचा भंग झाला, हे सिद्धच करता येत नाही.

शेवटी सीमेचा मूळ वाद कोण, कधी आणि कसा सोडवणार, हे कलम शोधावे, कारण पट्ट्याने मिळतो तो फक्त वेळ. इथिओपिया आणि इरिट्रिया यांच्या डिसेंबर २००० च्या शांतता करारात ही सोय होती. सीमा आयोगाने १३ एप्रिल २००२ रोजी निर्णय दिला आणि त्यानुसार बादमे इरिट्रियाच्या बाजूला आले. दोन्ही देशांनी हा निर्णय अंतिम मानण्याचे आधीच कबूल केले होते, तरी इथिओपियाने तो अमलात येऊ दिला नाही आणि सुरक्षा परिषदेनेही त्यासाठी पुरेसा दबाव आणला नाही. इरिट्रियाचा राग निघाला तो शांतिसेनेवर. ऑक्टोबर २००५ मध्ये हेलिकॉप्टरच्या उड्डाणांवर बंदी आली, पुढे इंधनही अडवले गेले आणि ३१ जुलै २००८ रोजी मोहीम संपली. सुमारे हजार किलोमीटरची डोंगराळ सीमा हेलिकॉप्टरशिवाय राखणे शक्य नव्हते. तिथल्या जवानांना याचा दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी मिळवून दिलेला वेळ राजधान्यांनी वाया घालवला आणि समेट व्हायला जुलै २०१८ उजाडले.

म्हणून करार वाचून झाला तरी पाठपुरावा सोडू नये. शांतिसेनेची मुदत वाढवण्याआधी, गोलानच्या बाबतीत दर सहा महिन्यांनी, सरचिटणीसांचा अहवाल सुरक्षा परिषदेपुढे येतो. त्यात हालचालींवरील निर्बंधांचा परिच्छेद आधी उघडावा : कोणत्या रस्त्यावर गस्त अडवली, कोणत्या चौकीकडे जाऊ दिले नाही, कोणते उड्डाण नाकारले. मागच्या अहवालाशी ताडून पाहता ही यादी वाढलेली दिसली, तर पट्ट्याला दिलेली संमती आटू लागली आहे असे धरून चालावे.