बीपी शिबिराआधी वही कशी बनवावी

रुग्णालयाच्या कम्युनिटी विभागात मी नर्स आहे. आमच्या पहिल्या बीपी शिबिराला रांग लागली, फोटो निघाले. महिन्याने साहेबांनी विचारलं, बीपी जास्त निघालेल्यांपैकी ओपीडीत कोण कोण आलं? आमच्याकडे नुसती नावं होती, पत्ते नाहीत. तेव्हापासून आधी वही, मग शिबिर.

सुरुवातीला वस्ती लहान घ्या आणि घरोघर जाऊन माणसं मोजा. १९४० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने असंच केलं होतं. आधी ठरावीक घरं, मग दरवर्षी थोडी हद्द वाढवायची. घरं मोजलेली नसली की न आलेलं माणूस दिसतच नाही, आणि जिना उतरताना धाप लागणारे शिबिराला येत नाहीत.

मोजताना घाई नको. माणसाला पाच मिनिटं पाठ टेकून बसू द्या. पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात छातीच्या पातळीत टेकवलेला, कफ म्हणजे मशीनचा पट्टा उघड्या दंडावर. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा उगाच वाढीव येतो. मोजताना बोलायचंही नाही (हे मलाच जड जातं!). मिनिटभराने पुन्हा मोजा. १४०/९० च्या वर आलं म्हणून लगेच शिक्का मारू नका, दुसऱ्या एखाद्या दिवशी परत बोलवा. पण १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर तारीख देत बसू नका, तडक कॅज्युअल्टीत न्या.

वहीत नाव, घराची खूण, फोन आणि तो कोणाचा, आकडे, पुढची तारीख. शेवटचा रकाना रुंद आखा: ‘का आले नाहीत’. तारीख चुकली की त्याच आठवड्यात घरी जा आणि माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘हलगर्जी’ असं लिहिलेलं मी खोडते. ‘बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या’ असेल तर तिथेच बसून समजवा, बीपी वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही.

आमच्या एका पानावर ‘सकाळी सुट्टी मिळत नाही’ इतक्यांदा आलं की ते पानच मी अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. गुरुवारची संध्याकाळची ओपीडी त्यातून सुरू झाली.