नाताळची टोपी, केक आणि कुलकुल : या चुका टाळा

मैत्रिणीला नाताळात हाताने विणलेलं काही आणि घरचा प्लम केक द्यायचा, हा बेत बरेचदा सुई हातात घेण्याआधीच फसतो. आपण नमुना आपल्या आवडीचा निवडतो, वापरणार मात्र ती असते. मुंबईत किंवा वसईत राहणाऱ्या मैत्रिणीच्या गळ्यात जाड लोकरी मफलर टिकत नाही. तिथे सुती धाग्याचं काहीतरी विणावं. पुण्यात पहाटे फिरायला जाणारीला किंवा कॅनडात राहणारीला लोकर हवीच. पण शुद्ध लोकर गरम पाण्यात, मशीनमध्ये धुतली की आटून नमद्यासारखी होते. तिच्याकडे सगळे कपडे मशीनमध्येच पडत असतील तर अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम लोकर घ्या. लागणारी लोकर एकदमच आणा आणि रंगाच्या नंबराबरोबर लॉट नंबरही (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) जुळवा. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळा निघतो आणि मफलरच्या मधोमध पट्टा दिसतो.

टोपी डोक्यात जात नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. समजा टोपीचा घेर ५० सेंटीमीटर हवा आणि नमुन्यात १० सेंटीमीटरला २० टाके दिलेत, म्हणजे १०० टाके घालायचे. तुमचा हात घट्ट असेल आणि तेवढ्याच अंतरात २२ टाके बसत असतील, तर त्याच १०० टाक्यांची टोपी साडेपंचेचाळीस सेंटीमीटरची होते. म्हणून आधी तळहाताएवढा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मधले १० सेंटीमीटर मोजा. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्या. मुद्दाम सैल विणू नका. तो सैलपणा चार ओळींनंतर जातो.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा मफलर कडांनी गुंडाळला जातोच. तो त्या विणीचा स्वभाव आहे. सरळ करायला इस्त्री फिरवली तर अ‍ॅक्रिलिकचा जीव जातो, ती लुळी पडते. कडेचे चार-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलट घ्या किंवा सगळाच मफलर सुलट विणा. टाका निसटून खाली गेला तर उसवत बसू नका, क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढवा.

आता केक. सुकी फळं तळाशी बसतात, कारण ती मोठी किंवा ओली असतात, नाहीतर पीठ पातळ असतं. भिजवलेली फळं गाळणीत चांगली निथळू द्या, बारीक कापा आणि मोजून घेतलेल्या मैद्यातलाच चमचा-दोन चमचे मैदा त्यांना चोळा. रममध्ये फळं आठवडेच्या आठवडे राहतात. संत्र्याच्या रसातली मात्र फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत वापरायची, बाहेर ती आंबतात.

आपल्याकडच्या प्लम केकचा गडद रंग कॅरॅमलमधून येतो आणि खरी परीक्षा तिथेच असते. साखर गडद तांबूस झाली की गॅस बंद. काळी झाली तर कडवटपणा कशानेही झाकला जात नाही, ती टाकून नवी करा. पाणी घालताना ते गरम असू द्या आणि हात लांब ठेवा, कारण साखर जोरात उसळते. पाक पूर्ण गार झाल्यावरच मिश्रणात घाला, नाहीतर अंडी शिजतात. अंडी फ्रिजमधून थेट घातल्याने लोणी फाटलं, तर चमचाभर मैदा घालून फेटा, जमून येतं.

वरून भेगा आणि आत कच्चा, म्हणजे आच जास्त. फळांनी भरलेला २० सेंटीमीटरचा केक १५० अंशांवर दोन-अडीच तास घेतो. टिनला आतून दुहेरी कागद लावा, वरून रंग लवकर आला तर फॉइल झाका. एवढा वेळ हातात असतो, तर मैत्रिणीला विणकाम घेऊन बोलवा. फक्त लोणी लागलेले हात आधी धुवा.

कुलकुल, म्हणजे नाताळचे तळलेले गोड शंख, तर एकटीने करायचंच नाही. गोव्यात, वसईत त्यासाठी शेजारणी, मैत्रिणी एकत्र बसतात, कारण काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर एकेक गोळी वळायला फार वेळ लागतो. एकटीच्या हातून तोवर पीठ सुकतं आणि शंख तळताना उघडतात. पिठावर ओलं फडकं ठेवा, शेवटची कड दाबून बंद करा, मंद आचेवर तळा. तेल कडक असेल तर बाहेरून लाल होऊन आत मऊच राहतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफेने सादळतात. दिवाळीचा फराळ ज्या घरून आला त्या घरी डबा जाणार असेल, तर त्यावर चिठ्ठी हवीच : अंडं आहे का, रम आहे का, काजू-अक्रोड आहेत का.