जुनी स्पोर्ट्स कार मराठवाड्यात आणताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, एखादी जुनी पोर्शे उचलून आणणारे हौशी आता लातूर-नांदेडलाही भेटतात. २०१० साली दीडशे मर्सिडीज एकगठ्ठा घेणाऱ्या संभाजीनगरला तर याचं नवल नाहीच. पण 'मॉडेल कसंय?' एवढंच विचारून सौदा करणारे पुढे गॅरेजच्या चकरा मारतात.

डीएसजीचंच घ्या, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. 'डीएसजी म्हणजे डोकेदुखी' हे ऐकून आरएस नाकारणारे बरेच. बदनाम झाला तो कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी. २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनने ज्या ३.८४ लाख गाड्या परत मागवल्या, त्या डीएसजीच्याच दोषापायी. आपल्याकडच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्येही हाच कोरडा गिअरबॉक्स होता. २०१७ च्या आरएस २३० मध्ये मात्र तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा आहे आणि तो बराच दणकट. अट एकच, दर ६० हजार किलोमीटरला त्याचं तेल बदललेलं हवं. बिल दाखवता येत नसेल तर तो खर्च किमतीतून वळता करा.

दुसरी चूक रिकॉलबद्दलची, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावण्याबद्दलची. रिकॉल झालेली गाडी वाईट आणि न झालेली चांगली, असं गणित नसतं. २०१४ साली पोर्शे ९११ जीटी३ च्या दोन गाड्या पेटल्या. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत होते. पोर्शेने सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली, विषय मिटला. उलट १९९७ नंतरच्या पोर्शे बॉक्स्टर आणि ९९६ (त्या पिढीची ९११) मधलं आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, फुटून इंजिनच्या इंजिन गेली, पण त्यासाठी रिकॉल कधीच निघाला नाही. रिकॉल सुरक्षेसाठी असतो, तुमच्या खिशासाठी नाही. शिवाय रिकॉलचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं, म्हणून चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला स्वतःच विचारा.

आता आपल्याकडची खरी गोची: बोअरचं पाणी. आरएसच्या टर्बो इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं घर प्लॅस्टिकचं असतं आणि वय झालं की तिथून कूलंट पाझरतं. हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. पातळी खाली गेली की शेतावरचा किंवा पंपावरचा कुणीतरी बाटलीभर पाणी ओततो आणि गाडी निघते. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढायला लागतो. वर मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं ऊन, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांमागची धूळ एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत बसलेली. मग तापमानाचा काटा चढतो आणि दोष 'जर्मन गाडी'ला! कंपनीने सांगितलेलंच कूलंट वापरा, अडचणीत डिस्टिल्ड वॉटर. आणि पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ओतत बसू नका, गळती शोधा. इंजिन तापलेलं असताना कूलंटचं झाकण उघडू नका, हे सांगायला नको.

समृद्धीवर जालन्यापासून गाडी ताणायची असेल तर टायर बघा. महिनोन्‌महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं. कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. हवा सकाळी गार टायरमध्ये तपासा. उन्हात दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडणं ही तर उलटी चूक, कारण कमी हवेचा टायर जास्त तापतो.

स्पीडब्रेकरचं काय बोलणार! गाडी लिफ्टवर घेऊन ऑइल पॅन घासलंय का, ते पाहा.

गाडी बघायला सकाळी जा आणि 'आधी चालू करू नका' असं मालकाला फोनवरच बजावा. बॉनेटला हात लावून इंजिन गरम लागलं, तर थंड इंजिनचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता, असंच धरून चाला.