घरच्या घरी बॉक्स जॉइंटचं जिग: या चुका टाळा

पेटीच्या फळ्यांच्या टोकांना बोटं आणि खाचा पाडून ती एकमेकांत बसवतात, तो बॉक्स जॉइंट. तो बसत नाही म्हटलं की आधी कानस हातात घेतली जाते आणि एकेक बोट घासणं सुरू होतं. तसं करू नका. दोष फळीत क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो जिगमधल्या एकाच अंतरात सापडतो, खुंटी आणि पातं यांच्यामधल्या. जिग म्हणजे टेबल सॉच्या मायटर गेजला (मशीनच्या खोबणीतून पात्याकडे सरकणाऱ्या आधाराला) स्क्रूने लावलेली फळी; तिच्यातल्या खुंटीवर आधीची खाच बसवून पुढची पाडायची. पातं जेवढी रुंद खाच पाडतं, तेवढीच खुंटी जाड हवी आणि तेवढंच हे अंतर हवं.

ते अंतर पात्याच्या पत्र्यापासून मोजलं की घोळ झालाच. दात पत्र्याच्या दोन्ही बाजूंना जरा बाहेर असतात, म्हणून खुंटीकडे झुकलेल्या दातापासून मोजा. त्याहून सोपं म्हणजे खुंटीची पट्टी लांब काढायची, तिचे दोन तुकडे करायचे, एक जिगमध्ये बसवायचा आणि दुसरा दात व खुंटी यांच्यामध्ये धरून जिग आवळायचं.

आता टाकाऊ तुकड्यांवर जोड करून बघा. घट्ट होतोय म्हणजे बोटं जाड, खुंटी पात्याकडे आणा. ढिला असेल तर लांब न्या. किती, ते व्हर्नियर (बारीक माप घेणारा कॅलिपर) सांगतो: बोट 6.2 मिमी आणि खाच 6 मिमी भरली तर 0.2 मिमी. एवढं बारीक सरकवायला हातोडीने टकटक करण्यात अर्थ नाही. झेरॉक्सचा साधा 80 जीएसएमचा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो. ज्या दिशेला सरकवायचंय त्या टोकाशी, जिगची फळी आणि एक ठोकळा यांच्यामध्ये दोन कागद ठेवून ठोकळा मायटर गेजला क्लॅम्पने पकडा. जिगचे स्क्रू सैल करा, कागद काढा, फळी ठोकळ्याला टेकवा, पुन्हा आवळा. या वेळी मशीनचा प्लग अर्थातच काढलेला हवा.

जोड हाताच्या दाबाने बसला पाहिजे. कोरडा असतानाच हातोडी लागत असेल तर फेविकॉल लावल्यावर तो अडकणारच, कारण त्यातल्या पाण्याने बोटं फुगतात.

खुंटी पॅकिंगच्या पेटीच्या मऊ लाकडाची करू नका, ती चेपते. बाभूळ किंवा शिसवीचा तुकडा रंध्याने बेताचा करा. मायटर गेजची पट्टी खोबणीत हलत असेल तर कितीही जुळवा, प्रत्येक खाच वेगळी येईल. पट्टीच्या कडेला टेप चिकटवून तो खेळ आधी घालवा.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना फळ्या खणखणीत वाळतात आणि पावसाळ्यात फुगतात. 200 मिमी रुंदीची सागवानी फळी दोन ऋतूंत एखादा मिलिमीटर सहज कमीजास्त होते. दोन बाजू उन्हाळ्यात कापून उरलेल्या दोन पाऊस पडल्यावर कापल्या, तर जिग अचूक असूनही शेवटची बोटं जुळणार नाहीत. चारही फळ्या एकाच दिवशी कापा आणि लगेच जोडा. व्होल्टेज पडलं असेल तर थांबा. मंदावलेल्या मोटरवर रेटा दिला की पातं थरथरतं आणि खाच रुंदावते.

मागच्या बाजूला चिरफळ्या निघत असतील तर कामाच्या फळीमागे टाकाऊ प्लाय जोडून दोन्ही एकत्र कापा. खाचेच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत टोकदार रेघा दिसल्या तर पात्याचे दात तिरके आहेत; सपाट दातांचं पातं लावा, नाहीतर पटाशीने तळ साफ करा.

सुरुवात करण्याआधी चारही फळ्यांच्या खालच्या कडेवर पेन्सिलची खूण करा. पहिली फळी खूण खुंटीला टेकवून सुरू करा आणि तिच्या सगळ्या खाचा पाडा. मग ती उलटी फिरवून तिची पहिली खाच खुंटीवर बसवा आणि दुसऱ्या फळीची खुणेची कड तिला भिडवून कापायला घ्या. ही खूण विसरली की वरच्या कडा एका बोटाएवढ्या खालीवर येतात. जिगच्या मागे, पातं जिथून बाहेर येतं तिथे, जाड ठोकळा स्क्रूने पक्का करा. खाच पूर्ण होताना अंगठा नेमका तिथेच जातो.