डिसिजन मेकिंगवर एक्सपेरिमेंट करताय? लोकांना इर्रॅशनल ठरवण्याआधी या चुका टाळा

बिहेवियरल इकॉनॉमिक्सचे, म्हणजे माणसं प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात ते बघणारे, बरेच एक्सपेरिमेंट चालवून झालेत, काही स्वतःचे, जास्त करून दुसऱ्यांचे, आणि एक गोष्ट सारखी दिसते. रिझल्ट विचित्र आला की सगळे आधी म्हणतात, "बघा, माणसं किती इर्रॅशनल असतात!" अहो थांबा जरा. तुम्ही काय विचारलंत ते त्यांना कळलं होतं का, हे आधी बघा. बऱ्याचदा गडबड समोरच्याच्या डोक्यात नसते, आपल्याच स्क्रीनवर असते.

सूचना वाचल्या म्हणजे कळल्या, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त डेटा इथेच वाया जातो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. एखाद्या वस्तूची माणसाच्या मनातली किंमत काढायची असेल तर बीडीएम नावाची पद्धत वापरतात, बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांची, 1964 ची. तुम्हाला कॉफीचा मग दिला, तो कमीत कमी कितीला विकाल ते लिहा, मग कॉम्प्युटर एक रँडम किंमत काढतो, ती तुमच्या आकड्याएवढी किंवा जास्त असली तर त्या रँडम किमतीला मग विकला जातो, नाहीतर मग तुमच्याकडेच राहतो. म्हणजे तुमचा आकडा फक्त विकायचं की नाही ते ठरवतो, किती पैसे मिळणार ते नाही, त्यामुळे खरी किंमत लिहिण्यातच फायदा. आपल्याला हे स्वच्छ दिसतं कारण आपण ते दहा वेळा वाचलेलं असतं. पण समोरच्यानं आयुष्यभर घासाघीस केलेली असते, विकायचं म्हटलं की वरचा आकडा बोलायचा आणि घ्यायचं म्हटलं की खालचा.

मी पहिल्यांदा हे चालवलं तेव्हा विकणाऱ्यांचे आकडे भयंकर वर गेले आणि आम्ही खूश, एंडोमेंट इफेक्ट सापडला, म्हणजे वस्तू आपली झाली की तिची किंमत जास्त वाटणं! सेशन संपल्यावर एका मुलीला सहज विचारलं की एवढा आकडा का टाकलास, तर म्हणाली, "वरूनच सुरू करायचं ना सर, मग मी खाली येणारच होते." खाली यायचा प्रश्नच नव्हता, राउंड एकच होता.

हा वाद जुना आहे. 1990 मध्ये काहनमन, नेट्श आणि थेलर यांनी मगचा प्रसिद्ध प्रयोग छापला, विकणारे साधारण 5.25 डॉलर मागत होते आणि घेणारे 2.25 ते 2.75 च्या आसपास द्यायला तयार होते. मग 2005 मध्ये प्लॉट आणि झायलर यांनी तोच खेळ नीट ट्रेनिंग देऊन, प्रॅक्टिस राउंड घेऊन, उत्तरं गुप्त ठेवून केला आणि विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या आकड्यांमधली मगवरची गॅप जवळपास गायब. (लॉटरीवरची गॅप मात्र टिकते असं 2011 मध्ये दुसऱ्या टीमनं दाखवलं, तेव्हा एंडोमेंट इफेक्ट मेला वगैरे म्हणू नका.) पब्लिक गुड्स गेममध्येही (सगळ्यांच्या सामायिक गल्ल्यात कोण किती टाकतो तो खेळ) तेच, अँड्रिओनी यांच्या 1995 च्या कामात लोकांच्या सहकार्यातला निम्म्याच्या आसपास भाग चांगुलपणा नव्हता, नुसता गोंधळ होता.

उपाय काय तर क्विझ ठेवा, पण हो-नाही वाली नको, आकडा काढायला लावणारी. उदाहरण एकच देऊ नका, नाहीतर सगळे तोच आकडा चिकटवतात. आणि पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, चार-पाच जणांना शेजारी बसवून सूचना मोठ्यानं वाचायला लावा, ते जिथे अडखळतात तिथे तुमचं वाक्य बिघडलंय. मला स्वतःला हे करायला लाज वाटायची, पण याच्याएवढं स्वस्त काही नाही.

पैसे खोटे, निष्कर्ष मात्र खरे

होल्ट आणि लॉरी यांचं 2002 चं काम रिस्क मोजणाऱ्या प्रत्येकानं बघावं. दहा ओळींची यादी, प्रत्येक ओळीत दोन लॉटरी, एक सेफ आणि एक रिस्की, आणि खाली जावं तशी मोठी रक्कम मिळायची शक्यता वाढते, म्हणजे कधीतरी एकदाच सेफवरून रिस्कीवर जायचं. रक्कम वीसपट, पन्नासपट, नव्वदपट केली आणि पैसे खरोखर दिले तर लोक जास्त सावध होतात, पण तीच मोठी रक्कम "समजा मिळाली तर" अशी विचारली तर वागणं फारसं हलत नाही. म्हणजे काल्पनिक प्रश्नावर प्रत्येकजण शूर.

या यादीत फुकटची एक टेस्टही आहे. शेवटच्या ओळीत रिस्क उरतच नाही, एकीकडे नक्की 2 डॉलर आणि दुसरीकडे नक्की 3.85. तिथेही कुणी 2 घेतले तर कारण रिस्कची भीती नाही, त्याला यादीच कळलेली नाही किंवा तो वाचत नाहीये. कुणी सेफवरून रिस्कीवर, परत सेफवर अशा उड्या मारत असेल तरी तेच. काहीजण सॉफ्टवेअरमध्येच "एकदाच बदलता येईल" असं लॉक टाकतात आणि डेटा सुंदर दिसतो. मला हे पटत नाही, ताप उतरला नाही म्हणून थर्मामीटर फोडल्यासारखं आहे ते.

पैसे देताना सगळ्या राउंडचे देऊ नका, आधी कमावलं की पुढे माणूस वेगळा खेळतो, शेवटी एक राउंड रँडम काढून त्याचेच द्या आणि हे सुरुवातीलाच सांगा. बाकी काल्पनिक म्हणजे कचरा असंही नाही हं, त्वेर्स्की आणि काहनमन यांचा 1981 चा 600 लोकांचा जीव घेऊ शकणाऱ्या साथीत कुठला उपाय निवडाल हा प्रश्न पूर्ण काल्पनिक होता, "200 वाचतील" म्हटलं तर 72 टक्के लोकांनी खात्रीचा पर्याय घेतला, तोच पर्याय "400 मरतील" असा मांडल्यावर 22 टक्के.

ऑप्शनच तुम्ही असे दिलेत

डिक्टेटर गेममध्ये एकाला पैसे देऊन हवे तसे वाटायला सांगतात, समोरच्याला काही बोलता येत नाही; तरी लोक अनोळखी माणसाला पैसे देतात, म्हणून माणूस उदार. पण लिस्ट यांनी 2007 मध्ये समोरच्याचे थोडे पैसे काढून घ्यायचा ऑप्शनही यादीत टाकला आणि देणारे एकदम घटले. आधीच्या डिझाइनमध्ये करण्यासारखं फक्त "देणं"च होतं, मग देतील नाहीतर काय करतील? यादीतला प्रत्येक ऑप्शन समोरच्याला सांगत असतो की इथे काय अपेक्षित आहे.

सकाळचा ग्रुप, संध्याकाळचा ग्रुप

सोय म्हणून ट्रीटमेंट (ज्यांच्यावर बदल करून बघायचा तो ग्रुप) सकाळी आणि कंट्रोल (ज्यांच्यावर नाही तो) संध्याकाळी, हे मी केलंय. फरक मस्त आला, फक्त तो नजचा (लोकांना हळूच एका पर्यायाकडे वळवणाऱ्या छोट्या बदलाचा) होता की दिवसभर थकून आलेल्या लोकांचा हे आजतागायत सांगता येत नाही. एकाच सेशनमध्ये दोन्ही ग्रुप मिसळा, आणि जमत नसेल तर सेशनच्या वेळा तरी रँडम करा. आणि लोक एकमेकांशी खेळत असतील तर 4 सेशनमधले 96 जण म्हणजे 96 स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत, स्टँडर्ड एरर (आपला अंदाज किती हलू शकतो त्याचं माप) त्या हिशोबानं काढा.

"अजून वीस जण घेऊन बघू"

पी-व्हॅल्यू (काहीच फरक नसताना एवढा किंवा जास्त फरक योगायोगानं दिसायची शक्यता) 0.07 आली, म्हणजे नेहमीच्या 0.05 च्या जरा वर, की हे वाक्य येतंच. सॅम्पल आधी ठरवा. मध्यम इफेक्ट, म्हणजे 0.5 स्टँडर्ड डेव्हिएशनचा (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), 80 टक्के पॉवरनं, म्हणजे इफेक्ट खरंच असेल तर 80 टक्के वेळा, पकडायला प्रत्येक ग्रुपमध्ये 64 जण लागतात, 0.2 चा असेल तर साधारण 400. आणि छापून आलेला इफेक्ट जसाच्या तसा धरून गणित करू नका, 2016 मध्ये कॅमरर आणि टीमनं लॅबमधले 18 इकॉनॉमिक्स प्रयोग परत केले तर 11 टिकले आणि इफेक्टचा आकार सरासरी मूळच्या 66 टक्के निघाला. नजचं तर अजून वाईट, डेलाविन्या आणि लिनोस यांनी 2022 मध्ये तुलना छापली, अ‍ॅकॅडमिक पेपरमध्ये सरासरी 8.7 पर्सेंटेज पॉइंटचा फरक आणि नज युनिट्सच्या (सरकारसाठी नज वापरून बघणाऱ्या टीम) 126 ट्रायल्समध्ये 1.4. तुम्ही 8.7 धरून सॅम्पल काढलंत तर 1.4 दिसणारच नाही, आणि योगायोगानं दिसलंच तर फुगलेलं दिसेल.

वीस वेगवेगळ्या टेस्ट मारल्या तर काहीही नसताना एखादी तरी सिग्निफिकंट (0.05 च्या खाली) यायची शक्यता 64 टक्के असते, म्हणून मुख्य टेस्ट कुठली ते डेटा यायच्या आधी लिहून प्रीरजिस्टर करा, म्हणजे जाहीरपणे नोंदवून ठेवा.

हिस्टोग्राम (कुठला आकडा किती वेळा आला त्याचा खांबांचा आलेख) न काढणं

2012 चा एक गाजलेला पेपर होता, फॉर्मवर सही आधी घेतली की लोक जास्त खरं सांगतात असा. त्यात गाड्या किती मैल चालल्या याचा डेटा होता. खऱ्या डेटात बहुतेक गाड्या मधल्या आकड्यांना असतात आणि खूप चालणाऱ्या थोड्या. इथे 0 पासून 50,000 पर्यंत सगळे आकडे जवळपास सारख्याच प्रमाणात आणि त्यापुढे एकही गाडी नाही. 2021 मध्ये हा डेटा बनावट असल्याचं बाहेर आलं आणि पेपर मागे घेतला गेला. नऊ वर्षं लागली, आणि दिसलं कशात तर साध्या हिस्टोग्राममध्ये.

माझ्याबाबतीत चोरी नव्हती, मूर्खपणा होता. एका ऑनलाइन वाटणीच्या प्रयोगात बरोब्बर 50 वर उंच सुळका आला, मी दोन दिवस फेअरनेस नॉर्मवर (निम्मं-निम्मं वाटावं हा अलिखित नियम) झकास पॅराग्राफ लिहीत बसलो. मग वेळेचा कॉलम उघडला तर 50 वाल्यांपैकी बरेचजण तीन सेकंदांत पुढे गेलेले. स्लायडरचं बटण आधीपासून मधोमध ठेवलं होतं, मीच.