आपल्या माघारी घरच्यांची धावपळ नको: कागदपत्रं कशी लावून ठेवावीत

घरातलं माणूस गेलं की तेराव्यापर्यंत कागदांचं कोणी नाव काढत नाही. त्यानंतर बँक, तलाठी, सोसायटी अशा खेपा सुरू होतात. पुष्कळ घरांत त्या अशा बाईच्या वाट्याला येतात, जिला खातं कुठल्या शाखेत आहे हेही कधी कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून तब्येत ठणठणीत असतानाच नवरा-बायकोने एकत्र बसून हे काम करावं. "असलं अभद्र कशाला बोलायचं?" असं कोणी म्हणेल. म्हणू द्या.

आधी एका वहीत यादी करा

बँक खाती, एफडी, पोस्टातली बचत, विमा, पीएफ, म्युच्युअल फंड, लॉकर आणि कर्जं सगळं लिहा. हातउसने दिलेले-घेतलेले पैसेही लिहा. भाऊबंदकीत कटुता येते ती बहुधा इथेच. पासबुक नीट चाळा. वर्षातून एकदा 436 किंवा 20 रुपये वजा होत असतील, तर ती जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनेची रक्कम असते. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी, दुसरीत अपघाती मृत्यूनंतर वारसाला 2 लाख रुपये मिळतात. घरात कोणाला माहीतच नसेल तर मागणार कोण? पिन आणि पासवर्ड मात्र या वहीत लिहू नका.

नावं जुळतात का ते पाहा

सगळ्यात जास्त खेपा घालायला लावणारी गोष्ट हीच. आधारवर "सुमन रामचंद्र", जुन्या पॉलिसीवर "सुमनबाई", एफडीवर माहेरचं आडनाव, सातबाऱ्यावर तिसरंच काही. ही एकच व्यक्ती आहे हे ती हयात असताना एका अर्जाने, फार तर राजपत्रातल्या नावबदलाने सिद्ध होतं. ती गेल्यावर त्यासाठी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा, नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक दिसेल तिथे आत्ताच दुरुस्तीचा अर्ज द्या.

नॉमिनी भरा, पण त्यावर विसंबू नका

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण ते त्याने कायदेशीर वारसांसाठी सांभाळायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. हाउसिंग सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, फ्लॅट त्याचा होत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं खातं तसंच राहिलंय का, तेही बघून घ्या.

मृत्युपत्र करा

कोणाला काय मिळावं हे ठरवणारा कागद हाच. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलंही चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. अत्यावश्यक आहे ती तुमची सही आणि ती पाहून सही करणारे दोन साक्षीदार. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण निवडा, कारण पुढे त्यांनाच साक्ष द्यावी लागू शकते. वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. वाद व्हायची शक्यता वाटत असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेलीच बरी. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं लिहिता येतं. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. एखाद्या मुलीला कमी देत असाल तर तिला ते आधी तोंडाने सांगा. वकिलाच्या कचेरीत पहिल्यांदा कळलेली गोष्ट भावंडांना तोडते.

शेतजमीन असेल तर

सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे काढून ठेवा. आजोबांच्या नावावरच राहिलेला गट असेल तर वारस नोंद आजच करा. एक पिढी चुकली की वारसांची संख्या वाढत जाते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, अर्ज ई-हक्क पोर्टलवरही करता येतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. माणूस घरी गेलं असेल तर ती घरच्यांनीच करायची, आणि दाखल्याच्या भरपूर प्रती घ्यायच्या.

दवाखान्यातली इच्छा

बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरवर ठेवू नये असं वाटत असेल, तर तेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने हा हक्क मान्य झाला, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करायची, आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं लिहायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईत महापालिकेने असे अधिकारी नेमले आहेत. नेत्रदान किंवा देहदान करायचं असेल तर नुसता फॉर्म भरून भागत नाही, ऐन वेळी संमती घरच्यांनीच द्यायची असते. डोळे साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीचा नंबर यादीच्या पहिल्याच पानावर हवा.

फाईल कुठे ठेवायची?

मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायलाच कागद लागतील. घरातलं कपाट बरं, आणि एक प्रत भरवशाच्या माणसाकडे. मग घरच्यांना त्या वहीतून एक एफडी शोधायला सांगा. जिथे अडतील, तिथे आणखी दोन ओळी लिहा. दर दिवाळीच्या आवराआवरीत वही पुन्हा बघा. मृत्युपत्र बदललं तर नव्यावर तारीख घाला, "आधीचं रद्द" असं लिहा आणि जुन्याच्या सगळ्या प्रती फाडून टाका.